ऊस तोडला तरी बुडखा फुटतो: आतड्याच्या कॅन्सरमधल्या मूळपेशी आणि त्यांच्या खुणा

मोबाइलवर दोन तऱ्हेचे मेसेज फिरत असतात. एकात लिहिलेलं असतं की स्टेम सेलने कॅन्सर बरा होतो. दुसऱ्यात, की कॅन्सर होतो तोच मुळी स्टेम सेलमुळे. दोन्ही पुढे ढकलणारा माणूस बऱ्याचदा एकच असतो. त्यात घरातल्या कुणाच्या मोठ्या आतड्याचा तुकडा तपासायला गेला असेल, तर रिपोर्टवर ‘सीडीएक्स२ पॉझिटिव्ह’ अशी काहीतरी ओळ येते. घरातलं कॉलेजला जाणारं पोर ती ओळ इंटरनेटवर टाकतं. तासाभरात एलजीआर५, सीडी१३३, सीडी४४ ही नावं सगळ्यांच्या तोंडी होतात आणि भीती मात्र होती त्याहून वाढते. मिरजेच्या दवाखान्यांत सांगली-साताऱ्याकडची, पार कर्नाटकातली माणसं येतात. बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांच्या हातात असे अर्धेमुर्धे समजलेले कागद नेहमी दिसतात.

या नावांमागे कॅन्सरच्या अभ्यासातलं एक चांगलंच रंगलेलं भांडण आहे. ते कळलं की रिपोर्टमधली कुठली ओळ कामाची आणि कुठली शोधत बसायची गरज नाही, हेही कळतं.

## अस्तर चार-पाच दिवसांत बदलतं

मोठं आतडं म्हणजे साधारण दीड मीटर लांबीची नळी. तिच्या आतलं अस्तर जेमतेम एका पेशीच्या जाडीचं असतं. त्यावरून दिवसरात्र मळ सरकतो, अब्जावधी जंतू तिथे नांदतात. एवढी नाजूक गोष्ट टिकायची कशी? शरीराने ती टिकवायचा नाद सोडला आहे. चार-पाच दिवसांत अस्तरातल्या जवळजवळ सगळ्या पेशी गळतात आणि नव्या येतात.

या नव्या पेशी येतात अस्तरातल्या बारीक खड्ड्यांतून. मोठ्या आतड्यात असे लाखो खड्डे आहेत, एकेक जेमतेम अर्धा मिलिमीटर खोल, आणि एकात दोनेक हजार पेशी. अगदी तळाशी मोजक्या पेशी असतात, त्या मूळपेशी, म्हणजेच मेसेजमधल्या स्टेम सेल. त्या दुभंगत राहतात. त्यांच्यातल्या काही तिथेच राहतात, बाकीच्या वर सरकायला लागतात. सरकता सरकता आणखी काही वेळा दुभंगतात, मग दुभंगणं थांबवून कामाला लागतात: कुणी पाणी शोषते, कुणी बुळबुळीत स्राव तयार करते. काठावर पोचल्या की गळून मळाबरोबर बाहेर.

म्हणजे पहिल्या गोंधळाचं उत्तर इथेच मिळतं. मूळपेशी चांगली की वाईट हा प्रश्नच चुकीचा आहे. त्या नसत्या तर आठवडाभरात आतडं उघडं पडलं असतं.

## खूण कशाला म्हणायचं

सूक्ष्मदर्शकाखाली मूळपेशी आणि तिची शेजारीण वेगळ्या ओळखणं फार अवघड. म्हणून संशोधक पेशीवरचं एखादं प्रथिन शोधतात, जे तिच्यावर असतं आणि इतरांवर नसतं. या प्रथिनाला मार्कर म्हणतात; आपण खूण म्हणू.

आतड्यातल्या मूळपेशींची सगळ्यात भरवशाची खूण २००७ साली नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट इथे हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत सापडली. निक बार्कर आणि सहकाऱ्यांनी उंदरांमध्ये दाखवलं की खड्ड्याच्या तळाशी एलजीआर५ हे प्रथिन असलेल्या पेशीच बाकीचं सगळं अस्तर तयार करतात. दोन वर्षांनी त्याच प्रयोगशाळेत तोशिरो सातो यांनी अशी एकच पेशी बाहेर काढून बशीत वाढवली, आणि तिच्यापासून खड्डेबिड्डे सगळं असलेलं आतड्याचं इवलंसं प्रतिरूप तयार झालं. याला ऑर्गनॉइड म्हणतात. हा शब्द पुढे परत येणार आहे.

एलजीआर५ तिथे काय करतं? खड्ड्याच्या तळाभोवतीच्या पेशी ‘दुभंगत राहा’ असा एक रासायनिक निरोप सोडतात. त्याचं नाव विंट. एलजीआर५ हा निरोप पेशीला जास्त ठळकपणे पोचवतं. तळापासून वर जावं तसा निरोप क्षीण होतो, आणि पेशी आपोआप प्रौढ होते. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट यावर उभी आहे: मूळपेशीला मूळपेशी बनवणारी गोष्ट बरीचशी तिच्या जागेत आहे.

## बिघाड कुठून सुरू होतो

एपीसी नावाचं एक जनुक आपल्या प्रत्येक पेशीत असतं. विंटचा निरोप नसेल तेव्हा पेशीतली दुभंगण्याची यंत्रणा बंद ठेवायची, हे त्याचं काम. मोठ्या आतड्याच्या दहापैकी साधारण आठ कॅन्सरमध्ये हे जनुक बिघडलेलं सापडतं. ते बिघडलं की निरोप आलेला नसतानाही पेशी तो आल्यासारखी वागते. ती तळ सोडून वर गेली तरी प्रौढ होत नाही. आणि एलजीआर५ची निर्मितीच मुळात विंटच्या हुकमाने होत असल्यामुळे, गाठीतल्या पेशींवर एलजीआर५ दिसायला लागतं. मूळपेशीची खूण कॅन्सरमध्ये का सापडते, याचं निम्मं उत्तर एवढंच आहे.

पण बिघाड होतो कुठल्या पेशीत? चार दिवसांत गळणाऱ्या पेशीत झाला तर तो तिच्याबरोबर बाहेर पडेल. तळाशी ठाण मांडून बसलेल्या पेशीत झाला तर राहील, आणि तिच्या सगळ्या लेकींत उतरेल. बार्कर यांच्या गटाने २००९ मध्ये हे उंदरांत तपासलं. एलजीआर५ असलेल्या मूळपेशींतून एपीसी काढून टाकलं तेव्हा काही आठवड्यांत वाढत्या गाठी झाल्या. वर सरकणाऱ्या, अल्पायुषी पेशींतून काढलं तेव्हा बारीकसारीक फुगवटे आले आणि बहुतेक तिथेच थांबले.

अर्थात एका बिघाडाने कॅन्सर होत नाही. अमेरिकेतले एरिक फिअरन आणि बर्ट व्होगेलस्टीन यांनी १९९० मध्ये मांडलेली साखळी आजही शिकवली जाते: एकामागून एक जनुकं बिघडत जातात, आधी एपीसी, मग केआरएएस, पुढे पी५३ वगैरे. अस्तरावर आधी पॉलिप येतो, म्हणजे मांसल फुगवटा. तो वाढत वाढत कॅन्सर व्हायला बहुतेक वेळा दहा-पंधरा वर्षं लागतात. या दहा-पंधरा वर्षांकडे शेवटी परत यायचंच आहे.

## बुडख्याचा सिद्धान्त

आता भांडणाकडे. कॅन्सरच्या गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्याच धोकादायक असतात का?

कृष्णाकाठच्या वाचकाला हे उसावरून सांगणं सोपं. तोडणीला टोळी आली, कोयता चालला, रान मोकळं झालं. पण जमिनीतला बुडखा राहतो आणि त्याचे डोळे फुटून खोडवा उभा राहतो. गाठीतल्या बहुसंख्य पेशी म्हणजे वरचा ऊस, आणि मोजक्या पेशी म्हणजे बुडखा, असं मानणाऱ्यांनी त्या मोजक्यांना कॅन्सरच्या मूळपेशी म्हटलं. केमोने गाठ आकसते आणि वर्ष-दोन वर्षांनी परत उठते, ती का, याचं हे पटणारं उत्तर होतं. टोरांटोच्या जॉन डिक यांनी १९९० च्या दशकात रक्ताच्या कॅन्सरमध्ये अशा पेशी दाखवल्या होत्या.

२००७ मध्ये त्यांच्या गटाने आणि इटलीतल्या दुसऱ्या एका गटाने एकाच वेळी जाहीर केलं की मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्येही बुडखा आहे, आणि त्याची खूण आहे सीडी१३३. टोरांटोचा आकडा बघण्यासारखा होता. रुग्णांच्या गाठीतल्या सरसकट पेशी उंदरात टोचल्या, तर सुमारे ५७,००० पेशींमागे एकीत नवी गाठ धरायची ताकद निघाली. सीडी१३३ असलेल्या वेचून टोचल्या, तर २६२ पेशींमागे एकीत.

मग खुणांची रांगच लागली: सीडी४४, सीडी१६६, एएलडीएच१ आणि आणखी कितीतरी. प्रत्येकीवर शोधनिबंध, प्रत्येकीवर औषधाची आशा. मला विचाराल तर त्याच २६२ च्या आकड्यात धोक्याची सूचना होती. खूण असलेल्या २६२ पेशींपैकी २६१ ना काही जमलं नाही, म्हणजे ही खूण ढोबळ आहे. पण मथळे ५७,००० चे झाले.

## आणि मग पांगशा फुटल्या

२००८ मध्येच पहिला धक्का बसला. अमेरिकेतल्या एका गटाने दाखवलं की सीडी१३३ निरोगी आतड्यातल्या प्रौढ पेशींवरही असतं, आणि यकृतात पसरलेल्या कॅन्सरमधल्या सीडी१३३ नसलेल्या पेशीही उंदरात गाठ धरतात. पुढे आणखी एक घोळ उघड झाला. संशोधक ज्या रसायनाने हे प्रथिन हुडकत होते, ते प्रथिनाचा जो भाग पकडत होतं तो पेशी प्रौढ होताना झाकला जातो. प्रथिन तिथेच असतं. हुडकणाऱ्याला ते दिसत नाही.

खरा धक्का २०१७ चा. अमेरिकेतल्या जेनेनटेक कंपनीच्या संशोधकांनी उंदरांच्या गाठींत अशी सोय केली की एक औषध दिलं की फक्त एलजीआर५ वाल्या पेशी मराव्यात. म्हणजे वरच्या उसाला हात न लावता बुडखाच उपटायचा. गाठ नाहीशी व्हायला हवी होती. झाली नाही. वाढ थांबली, पण गाठ राहिली. औषध बंद केलं आणि एलजीआर५ वाल्या पेशी पुन्हा हजर. कुठून? ज्यांच्यावर ही खूण नव्हती त्या पेशींनी ती धारण केली. त्याच सुमाराला सातो यांच्या गटाने जपानमध्ये माणसाच्या कॅन्सरपासून केलेल्या ऑर्गनॉइडवर तेच पाहिलं. ‘हे सगळं उंदरांचं, माणसाचं काय?’ असं विचारणाऱ्यांना हे उत्तर पुरेसं असावं.

उसाचं उदाहरण इथे मोडत नाही, उलट आणखी चपखल बसतं. डोळा काही बुडख्यालाच नसतो, प्रत्येक कांडीला असतो. शेंडा जिवंत आहे तोवर कांड्यांवरचे डोळे निजून असतात. २०१९ च्या महापुरात पाण्याखाली राहिलेल्या उसाचे शेंडे कुजले, तेव्हा उभ्या उसाला जागोजागी पांगशा, म्हणजे बाजूचे कोंब, फुटलेल्या वाळवा-पलूसच्या शेतकऱ्यांनी पाहिल्या आहेत. कॅन्सरचंही तसंच: फुटायची ताकद बऱ्याच पेशींत असते, परिस्थिती आली की जागी होते. मूळपेशी असणं ही पेशीची कायमची जात नसून तात्पुरती अवस्था आहे, आणि खूण त्या अवस्थेची आहे. अवस्था बदलली की खूणही गेली, किंवा आली.

तरी २०१७ च्याच कामातला एक भाग महत्त्वाचा आहे. आतड्यातली मूळ गाठ एलजीआर५ शिवाय तग धरत होती, पण यकृतात पसरलेल्या गाठींना तसं जमत नव्हतं. तिथे या पेशी मारल्या की पसरणं आणि वाढणं अडखळत होतं. पुढे २०२२ मध्ये बार्सिलोनातल्या एदुआर्द बाये यांच्या गटाने गोष्ट आणखी अवघड केली. शस्त्रक्रियेने मूळ गाठ काढल्यावर यकृतात दडून राहणाऱ्या पेशींवर सुरुवातीला एलजीआर५ नसतं, ईएमपी१ नावाची वेगळीच खूण असते. तिथे बस्तान बसलं की मग त्या मूळपेशींसारख्या होतात. म्हणजे प्रवासाला निघणारी आणि पोचल्यावर वंश वाढवणारी पेशी तीच, फक्त रूपं दोन.

## मग या खुणांवर औषध का नाही?

प्रयत्न झाले. नापाबुकासिन नावाचं औषध ‘कॅन्सरच्या मूळपेशींवर मारा करणारं’ म्हणून गाजलं. आतड्याच्या पसरलेल्या कॅन्सरवर मोठी चाचणी झाली, रुग्णांचं आयुष्य वाढलं नाही. पांगशांची गोष्ट कळल्यावर याचं फारसं नवल वाटत नाही. शिवाय एलजीआर५ निरोगी मूळपेशींवरही आहे, त्यामुळे सरसकट मारा केला तर अस्तरच जायचं. सध्या एकाच वेळी एलजीआर५ आणि ईजीएफआर या दोन प्रथिनांना धरणाऱ्या प्रतिपिंडाच्या चाचण्या चालू आहेत. दोन्ही एकत्र असलेल्या पेशींवर जास्त मारा व्हावा, ही त्यामागची कल्पना. बघू.

## आपल्या रिपोर्टमध्ये नेमकं काय असतं

एलजीआर५, सीडी१३३, सीडी४४ वर आज आतड्याच्या कॅन्सरचे उपचार ठरत नाहीत. रिपोर्टमध्ये त्या नसल्या तर तपासणी अपुरी झाली असं समजू नका, आणि कुणी ‘स्टेम सेल पॅनेल’ म्हणून महागडी चाचणी सुचवली तर तिच्या निकालाने उपचारात काय बदलणार, एवढंच विचारा.

सीडीएक्स२ ही मूळपेशीच्या उलट बाजूची खूण आहे: पेशी प्रौढ होऊन आतड्याची झाली आहे, हे ती सांगते. गाठ आतड्यातलीच आहे ना, हे पाहायला प्रयोगशाळा ती वापरतात. म्हणून सीडीएक्स२ पॉझिटिव्ह वाचून घाबरायचं काहीच कारण नाही. उलट ती नसणं विचार करायला लावतं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की सुमारे ४ टक्के रुग्णांच्या गाठीत सीडीएक्स२ नसतं आणि त्यांचा आजार जास्त आक्रमक असतो. आजाराच्या दुसऱ्या टप्प्यातल्या (स्टेज २) रुग्णांना एरवी शस्त्रक्रियेनंतर केमो बऱ्याचदा देत नाहीत. पण सीडीएक्स२ नसलेल्यांना ती दिली तेव्हा ते जास्त काळ आजारमुक्त राहिल्याचं जुन्या नोंदींवरून दिसलं. मूळपेशींच्या या सगळ्या खटाटोपातून रुग्णाच्या फायलीपर्यंत पोचलेली ही बहुधा सगळ्यात उपयोगी गोष्ट, आणि ती सापडली मूळपेशीची खूण *नसलेल्या* बाजूला शोधून.

सीईए हा रक्तातला आकडा, मूळपेशींशी त्याचा संबंध नाही. उपचारानंतर आजार परततोय का यावर लक्ष ठेवायला तो चांगला. कॅन्सर आहे की नाही हे ठरवायला वाईट. सिगारेट ओढणाऱ्याचाही तो वाढलेला असू शकतो. डॉक्टरांना विचारायचंच असेल तर टप्पा कितवा, आणि एमएसआय किंवा एमएमआर तपासणी झाली का, हे विचारा. साधारण १५ टक्के गाठींमध्ये डीएनएची दुरुस्ती करणारी यंत्रणा बिघडलेली असते, तेच या तपासणीत कळतं. त्या रुग्णांची औषधं वेगळी ठरू शकतात आणि काहींच्या बाबतीत घरच्यांचीही तपासणी लागते.

## मग ‘स्टेम सेल थेरपी’ने कॅन्सर बरा होतो, ते?

रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये बोन मॅरो बदलतात, तो मूळपेशींचाच उपचार आहे आणि मान्यताप्राप्त आहे. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताशी संबंधित ठरावीक आजारांपलीकडचा मूळपेशींचा वापर प्रयोग समजला जातो, आणि प्रयोगाचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. आतड्याच्या कॅन्सरवर मूळपेशी टोचण्याचा मान्य उपचार नाही. कुणी लाखाचं पॅकेज सांगत असेल तर उठून या.

## हळदीचं काय?

सांगलीत बसून हा लेख लिहायचा आणि हळदीचं नाव काढायचं नाही, हे जमणार नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तेव्हापासून ‘आपल्या हळदीने कॅन्सरची मुळं जळतात’ हे जास्तच जोरात ऐकू येतं. त्यात एक कण खरा आहे. हळदीतलं कुरकुमिन बशीतल्या कॅन्सर पेशींवर टाकलं की सीडी४४, सीडी१३३ असलेल्या पेशी कमी होतात, असे बरेच प्रयोग आहेत. पण बशीत टाकलं की पेशी मारणारी रसायनं ढिगाने आहेत. कुरकुमिन खाल्ल्यावर रक्तात फारच थोडं उतरतं. आतड्याच्या अस्तराला ते थेट लागतं, म्हणून आतड्याच्या कॅन्सरबाबत संशोधकांना त्यात रस आहे, हे मान्य. उपचार म्हणून ते सिद्ध झालेलं नाही. आमटीत हळद घाला, हवी तेवढी. मात्र मिरीचा अर्क घातलेल्या जादा ताकदीच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि केमो चालू असताना यकृतावर आणखी ओझं नको. घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

## पॉलिप असतो तेव्हाच

जगात मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कॅन्सर प्रमाणात तिसरा आणि मृत्यूंमध्ये दुसरा आहे. २०२२ मध्ये सुमारे १९ लाख नवे रुग्ण. भारतात प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरंच कमी, पण आपल्याकडे निदान उशिरा होतं. सरकारी आरोग्य कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची चाचपणी होते. आतड्याची त्यात नाही.

वर म्हटलेली दहा-पंधरा वर्षं इथे कामाला येतात. पॉलिप असताना दुर्बिणीने काढून टाकला तर मूळपेशी कुठली, खूण कुठली, हा वादच उरत नाही. डोळे, बुडखा, सगळंच गेलं. कॅन्सर झाला तरी आतड्याबाहेर पसरलेला नसेल तर अमेरिकेतल्या नोंदींनुसार दहापैकी नऊ रुग्ण पाच वर्षांनंतरही असतात.

अडचण एकच: शौचातून रक्त पडलं की आपल्याकडे निदान घरीच होतं, मूळव्याध. बऱ्याचदा ते बरोबरही असतं. पण पन्नाशीच्या आसपासच्या माणसाला शौचाच्या सवयीत बदल होऊन महिना लोटला, वजन उतरलं, किंवा पुरुषाचं हिमोग्लोबिन विनाकारण कमी आलं, तर लोहाच्या गोळ्या घेऊन थांबू नये. उजव्या बाजूच्या गाठी डोळ्यांना दिसेल असं रक्त बऱ्याचदा देतच नाहीत, नुसता अशक्तपणा देतात. शौचात लपलेलं रक्त शोधणारी चाचणी स्वस्त आहे. गरज पडली तर पुढे दुर्बीण.

आणि सख्ख्या नात्यात कुणाला हा कॅन्सर झाला असेल तर हिशोब वेगळा: चाळिशीला, किंवा त्या नातेवाइकाचं निदान झालं त्या वयाच्या दहा वर्षं आधी, जे अगोदर येईल तेव्हा दुर्बीण. थोरल्या भावाचं निदान ४८ व्या वर्षी झालं असेल, तर धाकट्या बहिणीने ३८ व्या वर्षी तपासून घ्यायचं, काही होत नसलं तरी.